पंडितच्या नावाचा क्याटलाग

चौसाळ्यात वीज यायला फार उशीर झाला, पण क्याटलाग मात्र निजामाच्या अमदानीतच येऊन पोचला होता. तोही एकाच घरी, भिवराबाईच्या. ज्या घरात अक्षर वाचणारं कोणी उरलं नव्हतं, नेमकं तिथंच.

मागवला होता तिच्या पोरानं, पंडितनं. बाप धोंडीराम लहानपणीच गेलेला, पोराला वेड पेटीचं. भजनात दुसऱ्याची पेटी वाजायची आणि याची बोटं मांडीवर चालायची. बीडला गेला तेव्हा त्यानं मुंबईच्या कुठल्याशा वाद्यांच्या दुकानाला कार्ड टाकलं. क्याटलाग यायच्या आतच गावात उतरलेल्या नाटक कंपनीबरोबर तो निघून गेला. जाताना आईला म्हणाला, "शेतात जाऊन येतो." त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही.

एके दिवशी रहीम डाकवाला गल्लीच्या तोंडाशी आला. टपाल असलं की तिथूनच नाव पुकारायची त्याची रीत. "पंडित धोंडीराम! चौसाळा!" भिवराबाई पिठाच्या हातानं धावत सुटली. तिला वाटलं, पोरगं आलं. आलं होतं चित्रांचं पुस्तक. ती उंबऱ्यावर बसून रडली आणि मग पुस्तक पदरात घेऊन आत गेली.

पुढं दरसाल दिवाळी झाली की क्याटलाग यायचा. वर्षातून एकदा कुणीतरी तिच्या पोराचं नाव मोठ्यानं घ्यायचं. गावानं ते नाव केव्हाच टाकलं होतं. तिच्यापुढं काढायची कुणाची छाती नव्हती. म्हणून दिवाळी सरली की ती हातातलं काम अर्धवट टाकून दारात येऊन उभी राहायची. तिला पेटी नको होती, तिला ती हाक हवी होती.

शेजारच्या छबुबाईशी तिचं मोरीच्या पाण्यावरून हाडवैर. छबुबाईची जीभ कात्रीसारखी. "आला का गं तुजा कागदाचा पोरगा?" असं ती भिंतीआडून विचारायची. गावानंही तो शब्द लगेच उचलला. मुली नुसत्या बघून जाणाऱ्या नवरदेवाला बायका 'क्याटलाग चाळतोय मेला' म्हणायच्या. सुतारानं क्याटलागातल्या एका उभ्या पेटीचं चित्र बघून देव्हारा केला, तो पुढं झुकलेलाच राहिला. तरी पाटलांनी घेतला.

शब्दाचा खरा अर्थ सांगितला दस्तगीर हकिमांनी. गावात वाचता येणारे तेच. क्याटलाग वाचून दाखवताना त्यांची मान ताठ व्हायची. "भिवराबाई, ह्यो लफ्ज इंग्रजाचा न्हाई. आमच्या हकिमी दवेसारखाच युनानातून, ग्रीकांच्या मुलखातून आलेला हाय. तितून फिरत फिरत इंग्रजाकडं गेला."

"पर म्हंजी काय?"

"वरून खालपतुर एकेक नाव घेत जायाचं. मदी कुणी सुटू द्यायचं न्हाई."

भिवराबाईला ते फार आवडलं. कुणी सुटू द्यायचं नाही, हे ती जात्यावर बसल्या बसल्या पुटपुटायची.

आणि एका साली क्याटलागातच एक चिठ्ठी निघाली. हकिमांनी ती वाचून दाखवली. आजवर ज्यांनी काहीच मागवलं नाही, त्यांची नावं दुकान यंदा कमी करणार होतं.

"म्हंजी पंडितचं नाव काडणार?" तिनं विचारलं. "कावून? त्येनं काय वाईट केलं त्यांचं?"

पेटी घेणं तिच्या बापजन्मात शक्य नव्हतं. हकिमांनी पानं उलटीपालटी केली आणि शेवटी पेटीतल्या सुराची एक पितळी पट्टी मागवली, पंडितच्या नावानं. ती व्ही.पी.नं आली, डाकवाल्याला पैसे देऊन सोडवायची. पुन्हा तीच हाक गल्लीत घुमली. भिवराबाईनं पदराची गाठ सोडली, पण रहीमनं पुडकं हातातच धरलं. क्याटलागाची गोष्ट वेगळी होती, तो कुणाच्याही हाती देता यायचा.

"बाई, ह्येच्यावर अंगठा ज्याचा त्याचाच लागतो. पंडित कुठं हाय?"

सगळी गल्ली दारात आली होती. 'इथं राहत नाही' असं ती म्हणाली असती, तर पुडकं परत गेलं असतं आणि नावही गेलं असतं. आणि ते एक वाक्य तिनं आजवर स्वतःशीही उच्चारलं नव्हतं.

"शेतात गेलाय," ती म्हणाली. "येईल."

कुणी हसलं नाही. छबुबाईसुद्धा. भिवराबाईनं आपला अंगठा पुढं केला. "ह्यो घ्या. त्येचा अंगठा म्याच दिलाय त्येला, पोटात असताना."

रहीमनं शाई लावली.

ती पट्टी ओठांशी धरून फुंकली की एकच सूर निघायचा, बारीक आणि लांब. संध्याकाळी भिवराबाईच्या घरातून तो ऐकू यायचा. पेटीतला तो एवढाच सूर तिच्या वाट्याला आला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पंडित आला नाही. भिवराबाई गेली, घराला कुलूप लागलं. त्या साली दिवाळीनंतर रहीम आला. तोही थकला होता. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं हाक दिली, "पंडित धोंडीराम! चौसाळा!"

बंद दाराशी कुणी आलं नाही. रहीम क्याटलाग पिशवीत परत ठेवायला लागला, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. छबुबाई बाहेर आली. आधी तिनं डोळ्यांना पदर लावला, मग हात पुढं केला.

"शेतात गेलाय," ती म्हणाली. "येईल. ठिवा माज्यापाशी."