वजनमाशी

वजनमाशी कुणाच्याही घरी गेल्या की आधी काटा टांगायला जागा शोधायच्या, बसायला खुर्ची नंतर. बाई मूळच्या नगरच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे कोलकात्यात आलेल्या. बालीगंजच्या रेल्वेलाइनजवळच्या वस्तीत एका संस्थेतर्फे त्या लहान मुलांची वजनं घ्यायच्या. बंगालीत मावशीला ‘माशी’ म्हणतात, म्हणून हे नाव. “बरोबरच आहे,” त्या म्हणायच्या, “हाकललं तरी मी परत येऊन बसतेच!”

त्यांचं बंगाली म्हणजे तोंडात रसगुल्ला धरून बोललेलं मराठी. मुलं काट्याच्या झोळीला घाबरायची, म्हणून त्या आधी तीत भोपळा बसवायच्या आणि ओरडायच्या, “बघा, रडला का?”

एका सकाळी त्या आमच्या घरी आल्या. मागे आमची स्वयंपाकवाली मालती, कडेवर तिची लेक टुकटुकी. काट्याला जागा मिळेना, तेव्हा माशींनी माझ्या नवऱ्याला खुर्चीवर उभं करून काटा हातात दिला. “साहेब, हलू नका. तुम्ही आता हूक आहात.”

आधी आमचा ओजस. अकरा किलो. त्यानं लगेच झोळीतच शू केली. “दहा किलो नऊशे,” माशी म्हणाल्या.

मग टुकटुकी. सहा किलो.

“दोघं दीड वर्षाची, एकाच महिन्यात जन्मलेली,” माशी हळूच म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात, दोन आठवडे दवाखान्यात ठेवा. ही म्हणते, बौदींना, म्हणजे तुम्हा वहिनींना, कसं विचारू?”

आदल्याच आठवड्यात एका दिवसाच्या सुट्टीवरून मी मालतीला बोलले होते. ओजसची खिचडी रोज तीच शिजवायची. मला तिच्याकडे बघवेना.

“आजच जा,” मी म्हणाले.

“पगारी?” माशींनी विचारलं.

“पगारी.”

“मी उतरू का?” वरून हुकानं विचारलं.

दोन आठवडे घरात मी केलेला करपका भात सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला. दवाखान्यातून आलेली टुकटुकी हळूहळू भरली, चालायला लागली.

पुढं माशींच्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली. जाताना त्यांनी वस्तीतल्या वजनांची वही माझ्या हातात ठेवली. आता दर गुरुवारी मीच जाते. वहीत त्यांच्या अक्षरातली शेवटची नोंद टुकटुकीची आहे : “वजन घेता आलं नाही. गल्लीभर तिच्यामागे धावले. हाती लागली नाही.”