रणकेतूचा शेवटचा भाग

औशाच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आई रडली नाही. खिडकीतून भाकरीचं गठुडं आत सारत म्हणाली, "रणकेतू कुठं रडत गेला का?" शेजारची बाई चमकून आमच्याकडे बघायला लागली.

रणकेतू म्हणजे आमचा कॉमिकमधला तलवारबहाद्दर. गाव जळालेला, एकटाच मांत्रिकांशी लढत फिरणारा. आईला वाचता येत नव्हतं. ती ज्वारी निवडायची आणि मी भाड्यानं आणलेली पुस्तकं मोठ्यानं वाचायची. आम्ही वाचलेल्या शेवटच्या भागात धूम्रनाथ मांत्रिक त्याला म्हणतो, "तलवार टाक, तुझं जळालेलं गाव परत देतो." पुढचा भाग औशाला आलाच नाही; पुस्तकांचं दुकानच बंद पडलं. मग आईनं स्वतःच शेवट ठरवला. रणकेतूनं मांत्रिकाला मारलं आणि दुसरीकडं नवं गाव वसवलं.

मी चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागले. रहाटणीत तिघींत एक खोली. फोनवर "बरं चाललंय" म्हणायची आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. एकदा तर परत जायचं ठरवून बॅगही भरली. त्याच आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये, चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना, सुपरवायझरच्या रागानं मी पुटपुटले, "धूम्रनाथ मेला!"

शेजारच्या सुलभाताई गर्रकन वळल्या. चाकणजवळच्याच गावच्या, शेती सांभाळून कंपनीत येणाऱ्या.

"तू बी रणकेतू वाचायचीस व्हय?"

"तुम्हीपण?"

"भावाच्या दप्तरातनं चोरून. समदे भाग वाचलेत."

"शेवटचासुद्धा? काय होतं त्यात?"

"टाकतो की तलवार! गाव मिळतं त्याला. घरं तीच, माणसं तीच. पण हात लावावा तर नुसता धूर. मग उचलतो तलवार आन् लावतो धूम्रनाथाची वाट."

ताई हातवारे करून सांगत होत्या, अख्खी बस ऐकत होती. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा मोकळी हसले. खोलीवर गेल्यावर बॅग रिकामी केली आणि आईला फोन लावून खरा शेवट सांगितला. ती वैतागली. "इतका शूर अन् एवढं कळंना? धुराच्या गावात भाकरी कोण थापील!"

पुढं ताईंनी मला तापात डबा आणला, दिवाळीला घरी नेलं, मी पर्मनंट झाले तेव्हा साऱ्या लाइनला पेढे वाटले. औशात राहिलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही विचारता ना, तिथं आपलं कोण आहे म्हणून? आहेत.

यंदा आई इथं आली. ताई भेटायला आल्या आणि दोघी रणकेतूच्या शेवटावरून अशा भांडल्या की मी केलेला चहा निवून गेला. तेवढ्यात गावाकडून आईच्या जावेचा फोन आला, कुठं आहेस म्हणून.

"घरीच हाय की," आई म्हणाली आणि पुन्हा ताईंकडे वळली.