माझा प्रतिवादी

आखातातल्या त्या पत्र्याच्या खोलीत शिवराम पहिल्यांदा आला, तेव्हा मी खबूस चहात बुडवून खात होतो. खबूस म्हणजे तिकडची रोटी. गरम असते तोवर भाकरीची बहीण, गार झाली की चपलेचा तळ. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. हातातली पेटी खाली न ठेवता तो तसाच मागे वळला आणि मुकादमाला म्हणाला, "दुसरा कमरा दो. इधर हमारा दुश्मन बैठा है." मुकादम म्हणाला, दुसरी खोली नाही, दुश्मनाबरोबर झोप.

शिवराम माझ्या भावकीतला. आमच्या दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आहे. तो त्याच्या बापाने माझ्या बाजूला सरकवला असं माझं म्हणणं, आणि ते खरं आहे. त्यावरून मी विट्याच्या कोर्टात केस घातली. मी वादी, तो प्रतिवादी. आमच्या भागातली बरीच माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आणि गावात बंगले बांधून बसली. आम्हा दोघांना ती विद्या आली नाही. मी गवंडी, तो स्लॅबच्या फळ्या ठोकणारा. लढाई मिटून आखातात बांधकामं जोरात निघाली, तेव्हा दोघेही एकमेकांना न सांगता मुंबईच्या एजंटाला भेटलो. कोर्टापासून चार दिवस लांब राहावं म्हणून मी समुद्र ओलांडला, तर केस पेटी घेऊन माझ्या मागोमाग आली.

खोलीत तिसरा होता मोहनन. केरळचा, वायरमन, शांत माणूस. मी आणि शिवराम एकमेकांशी बोलत नव्हतो, पण एका खोलीत राहायचं म्हणजे बोलणं भागच. म्हणून आम्ही मोहननशी बोलायचो. मराठीत. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

"मोहनन, सांग त्येला," शिवराम माझ्यापासून दोन हातांवर बसून म्हणायचा, "एसी एकट्याच्या अंगावर घ्यायचा नसतो. त्यो काय त्येच्या बापाचा बांध न्हाई, सरकवून घ्यायला."

"मोहनन, बांध कुणाच्या बापानं सरकवला त्ये गावाला म्हाईत हाय म्हणावं," मी म्हणायचो.

मोहनन दोघांकडे बघून "हां हां, ठीक है" म्हणायचा. एवढा चांगला पंच आम्हाला गावात कधी मिळाला नाही.

पहाटे अंधारात बस यायची. दिवसभर ऊन असं की दुपारी लोखंडाला हात लावला तर कातडी तिथंच राहावी. संध्याकाळी परत यावं तर छपरावरच्या टाकीतलं पाणी चहा करण्याजोगं तापलेलं. अंघोळीचं पाणी भरून ठेवायचं, ते निवायची वाट बघायची आणि मग अंगावर घ्यायचं. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी शिवराम पिठलं करायचा आणि पातेलं मोहननपुढे ठेवून म्हणायचा, "उरलं तर कुत्र्याला टाकू नकू, त्येला दे." मी खायचो. पिठल्याशी माझं काही भांडण नव्हतं.

जेवण झालं की तो कॅम्पाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहायचा. पुढे नजर जाईल तिथवर रेती. एकदा मी जवळच उभा होतो, मोहननही होता. शिवराम म्हणाला, "मोहनन, एवढी जमीन हाय आन एक बांध न्हाई. ह्या मुलखात मानसं भांडत्यात तरी कशावरनं?" मग म्हणाला, "कसली जमीन ही. मानसाला वैरीसुदिक पिकवता येत न्हाई." मला हसू आलं, पण मी खोकून घेतलं.

दुसऱ्या वर्षी त्याच्या सुनीताचं लग्न ठरलं. बापाला सुट्टी हवी. आमच्या कंपनीत पासपोर्ट ऑफिसात ठेवून घेत, आणि सुट्टीला जाणाऱ्याला आपल्या मुलखातला एक जामीन द्यावा लागे. गेलेला परत आला नाही तर त्याचं तिकीट जामिनाच्या पगारातून कापायचं, आणि जामिनाची सुट्टीही रद्द. केरळचे लोक एकमेकांना जामीन राहत. त्या कॅम्पात मराठी आम्ही दोघेच.

आता गंमत बघा. त्याने मागावं म्हणून मी थांबलो, आणि मी होऊन म्हणावं म्हणून तो थांबला. लग्न जवळ यायला लागलं.

"मोहनन," शिवराम म्हणाला, "बापाबिगर पोरीचं लगीन लागलं तर काय अक्षदा जमिनीवर पडायच्या ऱ्हात्यात व्हय?"

"सांग त्येला," मी म्हणालो, "तोंड उघडून मागितलं तर मानूस लहान हुत न्हाई."

"सांग त्येला, आमच्या घरात मागायची चाल न्हाई. बांध कोरून घ्यायची त्येंच्या घरात हाय."

असल्या माणसासाठी कोण जामीन राहील? पण त्याच आठवड्यात गावाकडून दुसऱ्या कंपनीत येणाऱ्या एकाबरोबर लग्नपत्रिका आली. खाली निमंत्रकांत भावकीची नावं, आणि त्यात माझं. शिवरामच्या बायकोनं घालायला लावलं होतं. म्हणजे लग्नाला लोकांना बोलावणारा मी, आणि नवरीच्या बापाला अडवणाराही मीच. उद्या गाव कुणाच्या तोंडात शेण घालील? दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन सही केली. चौथीपर्यंत शिकलोय, सही चांगली येते. शिवरामला कारकुनाकडून कळलं. तो खोलीत आला आणि म्हणाला, "मोहनन, सांग त्येला, यीन परत." झालं. एवढाच आभाराचा कार्यक्रम.

सुट्टी संपली, शिवराम आला नाही. आठवडा गेला. कारकून मला रोज हाक मारून विचारी, तुझा माणूस कुठाय. मी म्हणे, तो माझा माणूस नाही. तो म्हणे, मग सही का केलीस? मोहननसुद्धा हळूच म्हणाला, "बापूभाई, वो भाग गया." मी म्हणालो, "भागेगा नहीं. उसको मेरे बिना चैन नहीं पडता." पण आतून मी हललो होतो. माझी आई आजारी होती, आणि त्याच्या पायी माझी सुट्टी गेली असती.

मग एका दुपारी तो आला. धूळ झटकली, लाडू-भडंगाचं गठुडं मोहननच्या खाटेवर ठेवलं आणि म्हणाला, "निम्मं त्येला दे." मी म्हणालो, "आधी विचार, ऱ्हायला कुठं हुता."

"सांग त्येला, विट्याला तारीख हुती."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी इकडे याला जामीन राहून अडकलोय, आणि हा तिकडे माझ्या मागे कोर्टात उभा राहून केस निकालात काढून आला. मी लाडूला हात लावला नाही. पुढे कितीतरी दिवस मोहननमार्फतसुद्धा बोललो नाही. त्यानेही एक अक्षर खुलासा केला नाही. तो तसाच होता. खरं बोलायचं झालं तरी समोरच्याने आधी विचारावं, असा त्याचा कायदा.

मला सुट्टी मिळाली तेव्हा माझा जामीन शिवरामच राहिला. मी सांगायला गेलो नव्हतो. आईला भेटलो आणि तडक विट्याला वकिलाकडे गेलो. वकील मला बघून जरा चाचरलाच. म्हणाला, "बापू, त्या दिवशी मी सांगलीला अडकलो होतो. वादीही नाही, वादीचा वकीलही नाही. साहेब केस काढून टाकत होते. तर तुमचा प्रतिवादीच उठून उभा राहिला."

"आन काय म्हनला?"

"म्हणाला, साहेब, तारीख द्या. त्यो माझ्यापायी तिकडं अडकून पडलाय. मानूस नसताना जिकल्यालं रान मला पिकायचं न्हाई."

त्यासाठी तो आठवडाभर थांबला होता. लोक म्हणतील, मी त्याची माफी मागायला हवी होती. कशाबद्दल? त्याला तोंड होतं, सांगायचं होतं. मी परत गेलो आणि खाटेवर बसून म्हणालो, "मोहनन, सांग त्येला, वकील भेटला हुता."

"मग?" शिवराम म्हणाला. सरळ माझ्याकडे बघून.

"मग काय. फुडची तारीख पडलीया."

"पडंना. येतो की." आणि तो पिठल्याला फोडणी द्यायला उठला.

पुढे हाडं बोलायला लागली तसे दोघेही कायमचे गावी आलो. तारखेच्या दिवशी एकाच एसटीने विट्याला जायचो. तो पुढे बसे, मी मागे. मोहनन नसल्यामुळे बोलणं आता कंडक्टरमार्फत व्हायचं. निकाल काही लागत नव्हता. बांध कुणाचा हे आता कोर्टापेक्षा आम्हा दोघांनाच जास्त माहीत होतं, आणि आम्ही सांगत नव्हतो.

एका उन्हाळ्यात शिवराम छातीत दुखून गेला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. भावकी म्हटल्यावर सुतक मलाही आलं. दाढी नाही, देवळात जाणं नाही, गाव सोडून कुठं जाणं नाही. ज्याच्यावर मी केस घातली त्याच्यासाठी दहा दिवस घरात बसलो, आणि नेमकी त्यातच तारीख आली. त्याची पोरं सुतकात, मी सुतकात. फी देणारे घराबाहेर पडत नाहीत म्हटल्यावर वकीलही आपापल्या घरी. पुकारा झाला, कुणीच नाही. कोर्टाने केस काढून टाकली.

तेराव्यानंतर वकिलाचा निरोप आला, अर्ज केला तर केस पुन्हा उभी राहील. मी गेलो. म्हटलं, "कुणावर उभी राहील?" त्याने शिवरामच्या दोन्ही पोरांची नावं सांगितली. ती पोरं भली. मला काका म्हणतात, दारावरून गेलो तर चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. बांधाचं विचारलं तर म्हणतात, "काका, तुमी सांगाल तिथं घाला."

असल्या माणसांशी कशी केस लढायची? मी अर्जावर सही न करता एसटी पकडली.