उघड्या तोंडाचे बाबा

ताईच्या नाकावर कायमच राग. तिच्या शिवणाच्या दुकानात कुणी पँटची उंची कमी करायला आला, तर आधी ती पँट विकणाऱ्याचा उद्धार व्हायचा, मग माप घेतलं जायचं. पण काम असं की दुरुस्ती शोधून सापडू नये. म्हणून लोक ऐकून घेत.

त्या संध्याकाळी ती दुकान लवकर बंद करून निघाली, ती भांडायलाच. धाकट्या भावाच्या कागदी शिल्पांचं पहिलंवहिलं प्रदर्शन होतं. निमंत्रणावर त्याने बाबांचा पुतळा छापला होता: खुर्चीत झोपलेले, मान कलंडलेली, तोंड उघडं आणि आत एकही दात नाही. ते पाहून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कवळी बसेनाशी झाल्यापासून बाबा चारचौघांत तोंड उघडत नसत. दूधवाला आला तरी रुमाल ओठांवर. हसायचे तेसुद्धा रुमालाआड. त्यांच्याच जुन्या सदऱ्यांचे ते रुमाल ताईने शिवले होते. रोज सकाळी एक धुतलेला हातात द्यायचा. शिळा त्यांना चालत नसे. दुपारी डोळा लागला की रुमाल घसरायचा, तो ती सारखा करायची. तीन वर्षं हे चाललं. धाकटा परगावी बसून फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होता. "डॉक्टर बदल, फळं दे." बाबा जायच्या अगदी शेवटी दोन दिवस आला आणि ते झोपलेले असताना त्यांचे फोटो काढून गेला.

गॅलरीत पुतळ्याभोवती गर्दी होती. एक चष्मेवाले गृहस्थ वाकून त्या तोंडात डोकावत होते. "आतला अंधार काय साधलाय!" ते म्हणाले. दाराच्या फटीतून परक्याच्या घरात बघावं तसं ते बघत होते, आणि ताईला त्यांची मान धरून मागे ओढावीशी वाटली.

तिने भावाला गाठलं. "हे हलव इथून."

"ताई, आज नको गं. हात जोडतो."

"मग तोंड मिट त्यांचं."

"वाळलेला कागद आहे तो, मिटायचा कसा? आणि तेच तर शिल्प आहे."

"शिल्प कसलं? बाप आहे तुझा. पार उघडं पाडलंस त्यांना."

गॅलरीवाल्या बाई "हात लावू नका हं!" म्हणत धावल्या, पण तोवर ताईने पर्समधून बाबांचा रुमाल काढून पुतळ्याच्या तोंडावर घातलाही होता. मग चष्मेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांचं बघून बाकीच्यांनीही.

"हे काय केलंस?" भाऊ दातओठ खात म्हणाला.

"काढ ना! या सगळ्यांसमोर बापाच्या तोंडावरचा रुमाल तुझ्या हाताने काढ."

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. "मला नव्हतं माहीत रुमालाचं."

"कसं असेल? होतास कुठे तू?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चप्पलवाल्याने कौतुकाने पेपर आणून दाखवला. त्यात पुतळ्याचा फोटो, रुमालासकट. तो रुमाल म्हणजे या नव्या कलावंताची हळवी कल्पना, असं छापलं होतं. "आयत्या बिळावर नागोबा!" ताई ओरडली. दिवसभर गिऱ्हाइकांची धडगत नव्हती.

तरी संध्याकाळी ती गेली. भाऊ पुतळ्यापाशी एकटाच होता.

"ताई, पेपरवाल्यांना मी तसं काही..."

"तोंड बंद ठेव." तिने धुतलेला रुमाल त्याच्या अंगावर फेकला. "कालचा शिळा झाला. बदल."

त्याने जुना रुमाल काढला. नवा घातला, तो वाकडा पडला. ताईने मदत केली नाही. हाताची घडी घालून ती बघत राहिली.

"नाकावर नको, खाली घे," ती म्हणाली. "श्वास अडकतो त्यांचा."