गोचिडाचं औषध

बैलाच्या गोचिडावरच्या औषधाचा उग्र वास आला, की मला कळमनुरीतलं शेतीऔषधांचं दुकान आठवतं. मी तिथं कामाला होतो. एका बाजाराला म्हातारा गारुडी पाळलेली धामण घेऊन आला. तिच्या खवल्यांत बारीक काळे किडे शिरले होते. तो तिला रोज कोमट पाण्यात बसवायचा, टोपली धुऊन उन्हात टाकायचा. किडे कमी होत होते. पण तिनं खाणं सोडलं, म्हणून तो घाबरला होता. “बैलाला चालते, तिला काहून न्हाई चालणार?” म्हणत मी त्याला गोचिडाच्या औषधाची बाटली दिली. पुढच्या बाजाराला तो रिकामी टोपली घेऊन आला. “रातीला औषध लावलं, सकाळी पाहिलं तर गार पडली होती. लई तकलीफ झाली असंल का तिला, भाऊ?” “न्हाई,” मी म्हणालो. त्यानं मला हात जोडले. मी ते जोडू दिले, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.