मावशीने शोधलेले दोन यशवंत

मार्था मावशीला जाऊन पाच आठवडे झाले. निरोप आला तेव्हा मी पिंपरीच्या शाळेत पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते, आणि खरं सांगते, आधी रडू आलंच नाही. डोळ्यांपुढे आली ती दफनभूमीत पदर खोचून उकिडवी बसलेली, दगडांवरचं शेवाळ खरवडणारी मावशी…

कासारवाडीपलीकडच्या त्या दफनभूमीत एका फुटक्या दगडावर 'यशवंत भा' एवढीच अक्षरं उरली होती. भास्कररावांचे यशवंत, म्हणजे माझे पणजोबा, असं धरून घरचे सगळे दर नोव्हेंबरात तिथं फुलं वाहत. मावशी मात्र दवाखान्यातली नर्स. नाव आणि वय विचारल्याशिवाय औषधाचा थेंब न देणारी. तिने चर्चमधली दफनाची वही मागून पानन्‌पान वाचली. त्या दगडाखाली निघाला एकोणीस वर्षांचा पोरगा. बाप भागोजी, गाव चिखली. वहीतल्या नंबरांप्रमाणे कबरी मोजत गेली, तर पणजोबा भिंतीजवळ, बाभळीखाली, बिनदगडाचे! मामा वैतागले. इतक्या वर्षांची फुलं आता परत मागायची का, म्हणाले.

"आजोबा सापडले रे," मावशी म्हणाली, "पण या पोराचंही कुणीतरी असेलच ना?"

चिखलीला ती तीनदा चालत गेली. पोरगा मिशनमध्ये गेला म्हणून घराने त्याचं नाव टाकलेलं, कुणी बोलेना. तिसऱ्या खेपेला एक म्हातारी वेशीपर्यंत तिच्यामागून आली. ती त्याची धाकटी बहीण, कोंडाबाई. भावाला कुठं पुरलं हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी मावशीने तिला बैलगाडीतून आणलं. आम्ही सगळे अवघडून उभे. म्हातारीने दगडावरून हात फिरवला आणि खाली बसली.

"आमी वाटंकडं डोळं लावून बसलो, बाई, आन् तुमी माज्या दादाला आजा करून ठिवला व्हय?"

आणि तीच आधी हसली. मग रडता रडता आम्हीही. तेव्हापासून नोव्हेंबरात कोंडाबाई भाकरी-ठेचा घेऊन येते आणि भावाचे लहानपणीचे उद्योग आम्हाला ऐकवते.

परवा मावशीच्या दगडाचा मजकूर ठरवायचा होता. तिचं वय अठ्ठावन्न, असं तीच सांगत आलेली. तरी मी बाप्तिस्म्याची वही काढायला लावली. बासष्ट निघालं! मामा म्हणाले, राहू दे, बाईमाणसाचं वय आहे. मी नोंद दोनदा ताडून पाहिली आणि पाथरवटाला बासष्टच कोरायला सांगितलं. रागावलीस तरी चालेल, मावशी.