ती नको म्हणाली होती

अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची, पण मामांना मामा बनवणं सोपं नव्हतं. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. एक खुर्ची गिऱ्हाइकाची आणि दुसरी, खरं सांगायचं तर, गप्पा छाटायला येणाऱ्यांची. तिथे वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळायचं आणि मतं तर न मागता मिळायची. केसांच्या बाबतीत मात्र मामा स्वतःचं मत कधी पुढे करत नसत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याशी कापड बांधून झालं, की कंगवा हातात घेऊन ते आरशातून त्याच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "बोला, कसे कापू?"

एखादा बाप पोराला घेऊन यायचा, बारीक करून टाका म्हणून दारातूनच सांगायचा आणि वर्तमानपत्रात डोकं घालायचा. मामा तरीही पोरालाच विचारायचे. पोर लाजत लाजत म्हणायचं, पुढचे राहू द्या. मामा पुढचे राहू द्यायचे आणि वर बापाची कटकट ऐकून घ्यायचे. डोकं ज्याचं, त्यालाच विचारणार, हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, आणि ते देताना त्यांची छाती जरा फुगायची. फुगू द्यावी की! आयुष्यभर इमानाने केलेल्या एखाद्या गोष्टीचा माणसाला अभिमान असतोच. मामांना तो पुढे फार जड गेला, एवढंच.

सलूनपासून चार घरं सोडून विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच दुकानदाराचं घर. त्या दुकानदाराच्या धाकट्या बहिणीचे हातपाय जन्मापासून तिच्या ताब्यात नव्हते. हात नको तेव्हा उडायचे, मान एका बाजूला ओढली जायची आणि शब्द ओठाशी येऊन अडकायचे. डोकं मात्र तल्लख होतं, पण ते बघायला सवड कुणाला होती? सगळे तिला बेबी म्हणायचे. पाळण्यात असताना पडलेलं लाडाचं नाव, तिशी उलटली तरी कुणाला ते बदलावंसं वाटलं नाही. घरी आलेला पाहुणा तिच्याशी बोलताना उगाच आवाज चढवायचा, नाहीतर बोबडं बोलायचा, आणि मग तिच्यादेखत वहिनीला विचारायचा की हिला चहा चालतो का. चहा बेबीला चालायचा, चांगला दोन कप चालायचा.

आई होती तोवर बेबीचे केस कमरेपर्यंत होते. दुपारची आवराआवर झाली की आई तिच्या मागे बसायची. तेल लावायची, गुंता सोडवायची, वेणी घालायची. बेबीची मान उडाली की हात थांबवायचे, स्थिरावली की पुन्हा सुरू, असं तासभर चालायचं. आई गेली आणि हे सगळं वहिनीच्या गळ्यात पडलं. वहिनीला नावं ठेवणं फार सोपं आहे. बेबीला उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं, शिवाय दोन मुलं होती आणि कंबर पार कामातून गेली होती. तुला हे झेपतंय का, असं तिलाही कधी कुणी विचारलं नव्हतं. शेवटी एक दिवस भावाने मामांना घरी बोलावलं.

मामा पिशवीत सामान घेऊन गेले. बेबीला खिडकीपाशी आणून ठेवलं होतं. भावाने सांगितलं, एकदम बारीक करून टाका, रोजचा गुंता नको आणि उवांचं लफडं नको. मामांनी कापड बांधलं आणि केस कापायचं मशीन सुरू केलं. बेबीने मान झटकायला सुरुवात केली, घशातून आवाज काढायला लागली. वहिनीने दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि म्हणाली, मशीनच्या आवाजाला घाबरते हो ती. मामांना ते पटलं. त्यांनी मशीन पिशवीत टाकलं आणि सगळं डोकं कात्रीने कापलं. वेळ दुप्पट लागला, पण लागू दे, एका जिवाला उगाच धास्ती नको. कमरेइतके केस वहिनीने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले. बेबी त्या पुडक्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर मामांनी मशीनची हकिगत बायकोला सांगितली, आणि बायको म्हणाली की तुमच्यासारखी माया कुणी करत नाही. मामांना बरं वाटलं.

मग केस कानावर आले की बोलावणं यायचं. अशी वर्षं गेली. मामांचा हात चांगलाच बसला. मान कुठल्या बाजूला उडणार हे त्यांना आधीच कळायचं. डाव्या हाताने हनुवटी अशी धरायचे की तिला हलताच यायचं नाही. दुसरा कुणी असता तर कान कापून ठेवला असता, असं ते सलूनमध्ये चारचौघांना सांगायचे. काम झालं की खिशातून लिंबाची गोळी काढून तिच्या तोंडात घालायचे आणि शहाणी गं माझी बेबी म्हणायचे. ती गोळी ती जिभेने बाहेर ढकलायची. मामांना वाटायचं, बिचारीला तोंडात धरता येत नसेल. बेबी त्यांच्याहून फार तर आठदहा वर्षांनी लहान होती.

एका सकाळी मामा असेच गेले. भाऊ दुकानात होता. कापड बांधून झालं आणि तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. धाकट्याच्या शाळेतून होता. ती बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेली. आत दोघंच उरले. असं कापा, तसं कापा, हे सांगायला आज पहिल्यांदाच कुणी नव्हतं. मामांनी कंगवा हातात घेतला आणि सवयीने, अगदी निव्वळ सवयीने, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बोला, कसे कापू?"

विचारून झालं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. ते कात्री उचलणार, तोच बेबीचे ओठ हलायला लागले. मामा थांबले. खुर्चीत बसल्यावर काय हवंय ते न सुचणारी गिऱ्हाइकं त्यांनी खूप पाहिली होती, थांबायची त्यांना सवय होती. आधी नुसता श्वास आला, मग आवाज आला, मग मान झटक्याने मागे गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

"नको," बेबी म्हणाली.

"काय नको? मशीन? अगं, मशीन आणलंच नाही मी."

तिने डोळे मिटले आणि पुन्हा जुळवाजुळव केली. "कापू... नका. वाढू... दे." मग बराच वेळ काही नाही, आणि मग, "आई... घालायची तशी. वेणी."

मामांचा हात खाली आला. एकही शब्द कळला नाही अशातला भाग नव्हता. शब्द उशिरा येत होते, पण स्वच्छ येत होते. आणि मग मागचं सगळंच त्यांना उलगडत गेलं. बेबी मशीनला कधी घाबरतच नव्हती. इतकी वर्षं ती हेच सांगत होती, मानेने, घशाने, जे तिच्याजवळ होतं त्याने, आणि मामा तिची हनुवटी धरत होते. डोकं ज्याचं त्याला विचारणारा हा माणूस या एका डोक्याबद्दल भावाला विचारत होता, वहिनीला विचारत होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, फार लाज वाटली.

वहिनी आत आली तेव्हा त्यांनी सांगितलं की ही नको म्हणतेय, केस वाढवायचे म्हणतेय. वहिनी चिडली नाही. दमलेली दिसली फक्त.

"तिला काय जातंय म्हणायला, मामा," ती म्हणाली. "रोज तासभर मागे कोण बसणार? तुम्ही येणार आहात विंचरायला?"

खरी गोम इथेच आहे. टोमणा असला तरी तो प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मामांजवळ होतं. घर चार पावलांवर. दुपारी सलूनमध्ये काळं कुत्रं फिरकत नसे. येतो, एवढंच म्हणायचं होतं. पण लोक काय म्हणतील, बाईमाणसाची वेणी घालतो म्हणून सलूनमध्ये टर उडवतील, भावाला आवडेल का, आपण परके, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारे आपण कोण, हे सगळं एका दमात डोक्यात आलं आणि त्यांच्या तोंडाला कुलूप बसलं. वहिनी डोकं धरायला पुढे झाली. या वेळेपुरतं कापू, पुढच्या वेळी बघू, असं मनाशी म्हणत मामांनी कात्री उचलली.

डोकं धरायची गरज पडली नाही. हात उडायचे तेवढे उडाले, पण त्या दिवशी बेबीने मान झटकली नाही की घशातून आवाज काढला नाही. कापून होईपर्यंत ती नुसती मामांच्या तोंडाकडे बघत होती.

"बघा," वहिनी म्हणाली, "झाली एकदाची सवय."

मामांनी खिशातली गोळी काढली नाही. चहाला नको म्हणाले आणि पिशवी उचलून बाहेर पडले.

पुढचं बोलावणं आलं तेव्हा मामांनी कंबर धरल्याचं सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी बाहेरगावी जायचंय म्हणाले. मग बोलावणं येईनासं झालं, कारण वहिनीने स्वतःच मशीन विकत आणलं. आपण तरी पुन्हा हात लावला नाही, असं म्हणून मामांनी मनाची समजूत घालून पाहिली. ती दोन दिवसही टिकली नाही. त्यांचे हात स्वच्छ राहिले होते खरे, पण बेबीचं डोकं होतं तसंच भादरलेलं होतं. ते खिडकीत दिसायचं, म्हणून मामा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायला लागले.

भाऊ मात्र नेमाने केस कापायला यायचा. कसे कापू, असं त्याला विचारताना मामांचा आवाज आता बसायचा. दर वेळी ते ठरवायचे, आज विषय काढायचा. बायको तर केव्हाची तयार होती. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "एवढंच ना? मी जाऊन घालत जाईन वेणी. तुम्ही फक्त विचारून या." पण आज गर्दी आहे, आज त्याचं डोकं ठिकाणावर दिसत नाही, आज नको, असं करत करत दिवस गेले, भावाचे केस पिकले, आणि ते विचारायचं राहून गेलं ते गेलंच.

शेवटी जे केलं ते भाचीने केलं. भावाची मुलगी शिकली, नोकरीला लागली, आईबापाशी कडाकडा भांडली आणि आत्याला घेऊन गेली. भावाने ही बातमी मामांच्या खुर्चीत बसूनच सांगितली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संस्थेने तळमजल्यावर घर घेतलं होतं. तिथे बेबीसारख्या तिघीजणी राहत होत्या आणि मदतीला पाळीपाळीने बायका येत होत्या. बेबीने स्वतःच जायचं म्हटलं, असंही भाऊ म्हणाला, आणि मग म्हणाला, "आम्ही काय कमी केलं हो मामा?" त्याचे डोळे भरून आले. ते खोटे नव्हते. मामांनी त्याच्या मानेवरचे केस झटकले आणि पत्ता तेवढा विचारून घेतला.

पत्ता मिळाला तरी जायला मामांनी बरेच महिने लावले. मग एका सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. त्या घराच्या दाराला पायऱ्यांऐवजी उतार होता. मदतनीस बाईने त्यांना बाहेरच थांबवलं, भेटायचंय का ते आत जाऊन बेबीला विचारलं, आणि मगच आत घेतलं. एवढ्यानेच मामांना कसंतरी झालं.

बेबी टेबलाशी बसून एका बोटाने कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होती. केस खांद्याच्या खाली आले होते. वेणी काही फार नीट नव्हती, एका बाजूने सैल सुटली होती, आणि तिच्यात पांढरे केसही बरेच होते. आपल्याला ही ओळखणार नाही, असं मामांना वाटत होतं. तिने बघताक्षणी ओळखलं.

मामांनी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. जन्मात पहिल्यांदा ते तिला अहोजाहो करत होते. "तुम्ही नको म्हणाला होतात आणि मी कापले. माझं चुकलं. मला माफ करा," ते म्हणाले. वहिनीचं आणि भावाचं नाव घ्यायचं त्यांनी येताना ठरवलं होतं, पण घेतलं नाही. बोलता बोलता त्यांना रडू आलं.

बेबीचे ओठ हलायला लागले. मदतनीस बाई अंदाजाने शब्द पुरवायला पुढे झाली, तसं बेबीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि ती बाजूला झाली. मामा थांबले.

"बाकीच्यांना... कळायचंच नाही," बेबी म्हणाली. "त्यांचं... काय." मान मागे गेली, परत आली. "तुम्हाला... कळलं होतं."

"हो," मामा म्हणाले. "कळलं होतं."

आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून ते बराच वेळ उभे राहिले. बेबीने बोट उचललं, ते दोनदा भलतीकडे गेलं, तिसऱ्यांदा अक्षरावर पडलं, आणि ती तिच्या कामाला लागली. मदतनीस बाई त्यांना दारापर्यंत सोडायला आली. त्यांचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं.

"मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "ताईंनी माफ केलं असेल तुम्हाला."

"तसं त्या म्हणाल्या नाहीत," मामा म्हणाले, आणि उतार उतरून रस्त्याला लागले.